क्रिप्टोने जुगाराच्या साइटवर गेलेला पैसा: कायदा कुठे लागतो आणि हिशेब कसा लावायचा

"यूपीआय नको, यूएसडीटीने भरा, म्हणजे कुठे नोंदच राहत नाही." क्रिकेटच्या सट्ट्याचे आणि ऑनलाइन कसिनोचे एजंट टेलिग्रामवर गिऱ्हाइकाला हेच पटवत असतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बँकेची जुनी नोंद मिळवायला अर्ज करावा लागतो. यूएसडीटी या डॉलरच्या किमतीला बांधलेल्या क्रिप्टो नाण्याचा व्यवहार मात्र कोणालाही, कधीही, फुकट पाहता येतो आणि तो पुसता येत नाही.

पैशाचा प्रवास असा असतो: रुपयांचे क्रिप्टो होते, क्रिप्टो साइटवर जाते, जिंकलेले क्रिप्टो परत येते आणि त्याचे पुन्हा रुपये होतात. या चार सांध्यांपैकी प्रत्येकावर भारतात कोणता ना कोणता कायदा लागतो, आणि अडचणी बहुतेक वेळा शेवटच्या सांध्यावर, म्हणजे रुपये बँकेत येताना उघड होतात. ज्यांचे व्यवहार होऊन गेले आहेत, ज्यांच्या मुलाचे किंवा भावाचे झाले आहेत, आणि ज्यांच्या टेबलावर अशा माणसाचे विवरणपत्र आले आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. नव्याने पैसे कसे भरायचे ते इथे मिळणार नाही. भारतात राहून ते करूच नये.

टोकन म्हणजेही पैसा

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा प्रोत्साहन व नियमन कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात 'ऑनलाइन मनी गेम'ची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद तिथे गैरलागू ठरतो. पैसे किंवा 'इतर पणाची वस्तू' लावून काही जिंकण्याच्या आशेने खेळलात की तो मनी गेम. इतर पणाच्या वस्तूंत क्रेडिट, कॉइन, टोकन असे पैशाशी समतुल्य किंवा पैशात बदलता येणारे सगळे येते, मग ते खरे असो वा आभासी, थेट विकत घेतलेले असो वा आडमार्गाने. 'मी रुपये लावलेच नाहीत, कॉइन लावले' हा बचाव या एका व्याख्येने संपतो. साइट भारताबाहेरून चालत असली, तरी सेवा भारतात दिली जात असेल तर कायदा लागतो.

शिक्षा मात्र सगळ्यांना सारखी नाही, आणि घाबरलेल्या माणसाला सल्ला देताना हा फरक आधी सांगावा. नुसता खेळणारा या कायद्याखाली गुन्हेगार ठरत नाही. खेळ पुरवणाऱ्याला कलम ५ आणि ९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ७ पैशाच्या व्यवहाराला मदत करणाऱ्यांसाठी आहे. त्यात बँकांबरोबर 'इतर कोणतीही व्यक्ती' हे शब्द आहेत आणि शिक्षा पुरवठादाराइतकीच आहे. कलम ५ आणि ७ खालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

धोका इथेच आहे. कॉलेजातला मुलगा स्वतः खेळतो तेवढ्यावर थांबत नाही. तो मित्राला रेफरल कोड पाठवतो, इन्स्टाग्रामवर जिंकल्याचा स्क्रीनशॉट टाकतो, चार जणांचे रुपये स्वतःच्या खात्यात घेऊन त्यांना यूएसडीटी करून देतो आणि प्रत्येक हजारामागे दहावीस रुपये ठेवतो. यातले पहिले दोन प्रकार जाहिरातीच्या जवळ जातात. तिसरा सरळ कलम ७ मध्ये येतो. खाते, एटीएम कार्ड आणि सिम 'भाड्याने' देणे तर त्याहून वाईट: पैसा फसवणुकीचा निघाला की पहिली अटक खातेदाराची होते. सल्ला घ्यायला आलेल्या मुलाला म्हणून 'किती हरलास' याआधी 'तुझ्या खात्यातून आणखी कोणाचे पैसे फिरले का' हे विचारावे.

कायद्यातील कलमे कोणत्या तारखेपासून लागू हे राजपत्रातील अधिसूचनेवरून ठरते. व्यवहाराची तारीख आणि अधिसूचनेची तारीख शेजारी ठेवून पाहा; मंजुरीच्या तारखेवरून निष्कर्ष काढू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही आहेच. आणि संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार सरकार आधीपासून वापरते: नोव्हेंबर २०२३ मध्ये महादेव बुकसह २२ बेटिंग ॲप आणि साइट एकाच वेळी बंद करण्यात आल्या होत्या.

'आमच्याकडे कुरासाओचे लायसन्स आहे'

साइटच्या तळाशी हे वाक्य बहुधा असतेच. कुरासाओ हे कॅरिबियन समुद्रातले, नेदरलंड्सच्या राजसत्तेखालचे बेट. तिथे पूर्वी मोजक्या मूळ परवानाधारकांकडून उपपरवाने वाटले जात. २४ डिसेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि परवाने थेट तिथले गेमिंग प्राधिकरण देऊ लागले. जुन्या उपपरवान्याचा क्रमांक अजूनही मिरवणारी साइट त्यामुळे लगेच संशयास्पद समजावी.

पडताळणी अशी करा. साइटवरच्या परवान्याच्या शिक्क्यावर क्लिक केल्यावर जे पान उघडते ते नियामकाच्या स्वतःच्या डोमेनवर आहे का पाहा. त्या पानावर लिहिलेले डोमेन आणि तुम्ही पैसे भरलेले डोमेन अक्षरशः एकच आहे का ते जुळवा; एक अक्षर किंवा शेवटचा भाग वेगळा असेल तर ती नक्कल असण्याची शक्यता मोठी. कंपनीचे नाव साइटच्या अटींमध्ये दिलेल्या नावाशी ताडून पाहा. शिक्का म्हणजे नुसते चित्र असेल, क्लिकच होत नसेल, तर परवाना नाही असे धरा.

सगळे जुळले तरी त्याचा उपयोग इतकाच की तक्रार कोणाकडे करायची ते कळते. कुरासाओ, माल्टा किंवा आइल ऑफ मॅनचा परवाना भारतात खेळ चालवायची परवानगी देत नाही.

बाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी नियम त्या त्या देशाचे. ऑस्ट्रेलियात ११ जून २०२४ पासून ऑनलाइन बेटिंगसाठी क्रेडिट कार्ड आणि क्रिप्टो दोन्ही घेण्यास मनाई आहे, म्हणून सिडनीत बसून क्रिप्टो घेणारी बेटिंग साइट सापडली तर ती बेकायदाच. कॅनडाच्या ओंटारियोत परवानाधारक साइटला क्रिप्टो स्वीकारता येत नाही. ब्रिटनमध्ये खेळणाऱ्याच्या जिंकलेल्या रकमेवर कर नाही, पण क्रिप्टो खर्च करणे ही तिथे विक्री मानली जाते आणि वर्षाला ३,००० पौंडांपुढच्या नफ्यावर भांडवली नफा कर लागतो. लंडनमधले पुष्कळ लोक पहिला अर्धा भाग ऐकून दुसरा विसरतात.

गोव्यातील कसिनोचे गणित निराळे. मांडवीतल्या बोटी आणि पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रे १९७६ च्या गोवा कायद्यातील सुधारणांनुसार परवान्यावर चालतात. हे प्रत्यक्ष जागेवरचे खेळ असल्यामुळे ऑनलाइन कायदा त्यांना लागत नाही. कसिनो मनी लाँडरिंग कायद्याखाली अहवाल देणाऱ्या संस्थांत मोडतात, आणि जिंकलेल्या रकमेतून १०,००० रुपयांपुढे ३० टक्के टीडीएस कापला जातो. पणजीत कोणी 'यूएसडीटी द्या, चिप्स देतो' म्हणाला, तर तो काउंटरचा माणूस नव्हे, मधला दलाल आहे.

कागद गोळा करा, आणि खाते बंद करण्याआधी करा

सर्वांत मोठी चूक इथे होते. पश्चात्ताप झाला की माणूस पहिल्यांदा साइटवरचे खाते बंद करतो, ॲप काढून टाकतो, टेलिग्रामचे संभाषण पुसतो. तुमच्या वॉलेटपासून साइटच्या पत्त्यापर्यंतचा व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या सार्वजनिक नोंदवहीत, आहे, पण साइटच्या आत किती लावले, किती जिंकले, किती शिल्लक होती हे फक्त साइटच्या स्वतःच्या सर्व्हरवर असते. खाते गेले की हा अर्धा हिशेब कायमचा गेला. साइट भारतात उघडत नसेल तर नोंदणीच्या ईमेलवरून त्यांच्या मदत कक्षाकडे आर्थिक वर्षाप्रमाणे व्यवहारांचे विवरण मागा. पैसे काढल्याचे जुने ईमेल शोधा. 'विड्रॉवल' हा शब्द टाकून शोधले तर बरेच हाती लागते.

हे सगळे एका तक्त्यात भरा. प्रत्येक ओळीला तारीख व वेळ, कुठून कुठे, नाणे, संख्या, नेटवर्क, व्यवहाराचा हॅश, त्या क्षणाचा रुपयातला दर, रुपयातली रक्कम आणि पुराव्याच्या फाइलचे नाव इतके रकाने पुरेत.

हॅश म्हणजे ६४ अक्षरांचा व्यवहार क्रमांक. यूएसडीटी बहुतेक वेळा ट्रॉन नेटवर्कवर फिरते, तिथला पत्ता इंग्रजी टी या अक्षराने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. इथेरियमचा पत्ता शून्य-एक्सने सुरू होतो आणि ४२ अक्षरांचा असतो. ट्रॉनस्कॅन किंवा इथरस्कॅन या ब्लॉकचेन पाहण्याच्या साइटवर (एक्सप्लोररवर) आपला पत्ता टाकला की पूर्ण यादी मिळते आणि ती फाइल म्हणून उतरवून घेता येते.

आता वेळ. एक्सप्लोररवरून उतरवलेल्या फाइलीत वेळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. एरवी याने काही बिघडत नाही, पण ३१ मार्चला बिघडते. फाइलीत ३१ मार्च रात्री ८ वाजता दिसणारा व्यवहार भारतात १ एप्रिलच्या पहाटे दीडला झालेला असतो, म्हणजे तो पुढच्या आर्थिक वर्षाचा. आयपीएल नेमकी याच सुमारास सुरू होत असल्याने मार्चअखेरीस व्यवहारांची गर्दी असते आणि चूक झाली की दोन्ही वर्षांची विवरणपत्रे चुकतात. म्हणून पहिला रकाना भरतानाच सगळी वेळ भारतीय करून घ्या.

दर कोणता धरायचा? एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावर, विकले असेल तर प्रत्यक्ष मिळालेला. साइटवर जमा-काढ असेल तर त्या वेळचा एखाद्या भारतीय एक्सचेंजवरचा रुपयातला दर. स्रोत एकच ठेवा आणि वर्षभर तोच वापरा. जमा करताना एक्सचेंज आणि काढताना दुसरीकडचा डॉलर दर असे सोयीने बदललेत तर अधिकारी पहिली हरकत तिथेच घेईल.

कर: हरलात तरी लागू शकतो

उत्पन्न बेकायदा मार्गाने आले म्हणून करातून सुटका होत नाही, आणि कर भरला म्हणून ते कायदेशीर होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. खाली दिलेली कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांना तीच लागतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने पुढच्या वर्षांसाठी क्रमांक बदलतात.

दोन वेगळे कर एकमेकांत मिसळू नका. क्रिप्टोच्या किमतीत झालेल्या नफ्यावर कलम ११५बीबीएच, आणि ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ११५बीबीजे. दोन्हींचा दर ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. मूळ करमुक्त मर्यादेचा फायदा दोन्हीकडे नाही, त्यामुळे दुसरे काहीही उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्यालाही कर भरावा लागतो.

साइटवर क्रिप्टो भरून क्रेडिट घेणे हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे, म्हणजे सावध हिशेबाने ते क्रिप्टोचे हस्तांतरण धरावे. समजा १,००,००० रुपयांना घेतलेले बिटकॉइन भरतेवेळी १,६०,००० रुपयांचे झाले होते. ६०,००० रुपये नफा, त्यावर १८,००० कर आणि ७२० उपकर, एकूण १८,७२०. त्याच रात्री ते सगळे साइटवर हरलात तरी हा कर कमी होत नाही, कारण क्रिप्टोचा नफा काढताना फक्त खरेदीची किंमत वजा होते. हे ऐकून माणसे हबकतात. बिटकॉइन भरणाऱ्यांना हे सर्वांत जास्त भोवते. यूएसडीटीचा दर फारसा हलत नसल्याने तिथे फटका छोटा असतो.

यूएसडीटीचा पूर्ण हिशेब उदाहरणाने पाहू. २,००० यूएसडीटी ९० रुपयांनी घेतले: १,८०,०००. साइटवर भरले त्या दिवशी दर ९१: १,८२,०००. क्रिप्टोचा नफा २,०००. पुढे साइटवरून ३,५०० यूएसडीटी काढले, दर ९२: ३,२२,०००. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी साइटवर शिल्लक शून्य. आयकर नियम १३३ प्रमाणे निव्वळ जिंकलेली रक्कम म्हणजे काढलेली रक्कम अधिक अखेरची शिल्लक, वजा करपात्र नसलेली जमा आणि सुरुवातीची शिल्लक. इथे ३,२२,००० वजा १,८२,०००, म्हणजे १,४०,०००. त्यावर ४२,००० कर, क्रिप्टोच्या २,००० वर ६००, दोन्ही मिळून ४२,६००, उपकर १,७०४, एकूण ४४,३०४.

मग ते ३,५०० यूएसडीटी ९१ च्या दराने विकले: ३,१८,५००. त्यांची किंमत आधीच ३,२२,००० धरून कर लागला आहे, म्हणून या विक्रीत ३,५०० चा तोटा. तो कशातूनही वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी नेता येत नाही. एक्सचेंजने कापलेला १ टक्का टीडीएस ३,१८५ मात्र वळता होतो. भरायचे राहिले ४१,११९ आणि वर व्याज. परदेशी साइट टीडीएस कापत नाही, त्यामुळे कर वर्षभरात आगाऊ भरला नसेल तर व्याज लागतेच.

अखेरची शिल्लक विसरू नका. ३१ मार्चला साइटवर पडून असलेली रक्कम हिशेबात धरावी लागते, 'काढलीच नाही' हे कारण चालत नाही. दोन साइट असतील तर प्रत्येकीचा हिशेब वेगळा करा. एकीवरचा तोटा दुसरीच्या जिंकलेल्या रकमेतून सरसकट वजा करणे ही विवरणपत्रात वारंवार दिसणारी चूक आहे.

माणसाने माणसाकडून थेट केलेल्या (पी-टू-पी) खरेदीतही एक छुपी जबाबदारी आहे. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टो खरेदीवर १ टक्का टीडीएस कापायला लावणारे कलम १९४एस लागू झाले. भारतीय एक्सचेंजमधून व्यवहार झाला तर कापणी तेच सांभाळतात. टेलिग्रामवरून किंवा परदेशी मंचावरून एखाद्याकडून थेट यूएसडीटी घेतले असतील, तर १ टक्का कापून भरायची जबाबदारी खरेदी करणाऱ्याची, म्हणजे तुमची. नोकरदार व्यक्तीसाठी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत सूट. त्यापुढे महिना संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म २६क्यूई. कापलाच नाही तर दरमहा १ टक्का व्याज, कापून भरला नाही तर दीड टक्का.

विवरणपत्र आयटीआर-२ भरा, व्यवसाय असेल तर आयटीआर-३. आयटीआर-१ मध्ये यासाठी जागाच नाही. क्रिप्टोची प्रत्येक विक्री व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता) परिशिष्टात जाते, जिंकलेली रक्कम इतर उत्पन्नात आणि विशेष दरांच्या परिशिष्टात. परदेशी एक्सचेंजवर किंवा साइटवर शिल्लक होती, तर परदेशी मालमत्तेचे परिशिष्टही भरावे. ते आर्थिक वर्षाप्रमाणे नसून ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाप्रमाणे असते, आणि घाईत हे सुटून जाते.

मागची वर्षे राहिली असतील तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. संबंधित निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ते भरता येते. पहिल्या वर्षात कर व व्याजावर २५ टक्के जादा, मग ५०, ६० आणि ७० टक्के. महाग आहे, तरीही स्वतःहून भरावे असेच आमचे मत. स्रोत सांगता न आलेल्या रकमेवर जुन्या कायद्याच्या ११५बीबीई खाली अधिभार-उपकरासह ७८ टक्के कर बसतो, आणि झडतीत सापडलेले लपवलेले क्रिप्टो फेब्रुवारी २०२५ पासून ६० टक्के दराच्या ब्लॉक निर्धारणात, म्हणजे अनेक वर्षांच्या एकत्र आकारणीत, येते. वार्षिक माहिती विवरणात १९४एस ची नोंद दिसते आणि विवरणपत्रात व्हीडीए कोरे, ही विसंगती विभागाच्या संगणकाला आपोआप सापडते.

बँक खाते गोठले तर

यूएसडीटी पी-टू-पीने विकले, खात्यात ४०,००० आले, आठवड्याने एटीएममधून पैसे निघेनात. यात जुगाराचा संबंध बहुधा नसतो. तुमचे यूएसडीटी ज्याने घेतले त्याने दिलेले रुपये कोणाच्या तरी फसवणुकीतून आलेले असतात. पीडिताने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती खाती साखळीने थांबवली जातात. तुम्ही तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर असता.

शाखेत जाऊन वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मजकूर इतकाच हवा:

"माझ्या खात्यातील व्यवहार दि. … पासून थांबवले आहेत. कृपया लेखी कळवावे: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, पोलीस ठाणे, जिल्हा व राज्य, आदेश कोणत्या कलमाखाली आहे, आक्षेप असलेली नेमकी रक्कम व व्यवहार क्रमांक, आणि संपूर्ण खाते गोठवण्याचा आदेश आहे की फक्त त्या रकमेवर लीन आहे."

शेवटची ओळ महत्त्वाची. लीन म्हणजे खात्यातली ठरावीक रक्कम अडवून ठेवणे. आक्षेप ४०,००० वर असताना बँकेने पगाराचे सगळे खाते अडवले असेल, तर आधी मागणी ही करा की लीन तेवढ्याच रकमेवर ठेवून बाकी खाते मोकळे करावे. ती बऱ्याचदा मान्य होते.

त्यानंतर तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि टपाल दोन्हीने कागद पाठवा: पी-टू-पी ऑर्डरचा तपशील, खरेदीदाराचे एक्सचेंजवरचे नाव, संभाषण, यूएसडीटी सोडल्याचा हॅश, बँक विवरण. खरेदीदाराचे नाव आणि पैसे आलेल्या खात्याचे नाव एकच आहे का ते पोलीस पहिल्यांदा पाहतात. वेगळे असेल तर बाजू कमकुवत होते, म्हणून तिऱ्हाइताच्या खात्यातून आलेले पैसे स्वीकारून यूएसडीटी सोडणे ही इथली सर्वांत महागडी चूक. पोलिसांची नोटीस आली तर कलम पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७९ साक्षीदारासाठी असते, ३५(३) ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासाठी. दुसऱ्या प्रकारात वकिलाशिवाय उत्तर देऊ नका. 'यूएसडीटी कुठून आले' हा प्रश्न येणारच; खोटे उत्तर देऊ नका, ब्लॉकचेनवर ते दहा मिनिटांत उघडे पडते. दाद मिळाली नाही तर याच संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे रक्कम सोडण्याचा अर्ज करता येतो.

एक्सचेंजकडूनही अडवणूक होऊ शकते. मार्च २०२३ पासून क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्या मनी लाँडरिंग कायद्याखाली आल्या आणि त्यांना संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी सक्तीची झाली. नियम न पाळणाऱ्या परदेशी एक्सचेंजांवर कारवाई झाली. बायनान्सला २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड झाला. या कंपन्यांकडे वॉलेटचे पत्ते ओळखणारी सॉफ्टवेअर असतात आणि जुगाराच्या साइटचे पत्ते त्यात नोंदलेले असतात. तिथून आलेले यूएसडीटी जमा झाले की खाते तपासणीसाठी थांबते. मधे दोनतीन वॉलेट फिरवून पाठवल्याने काम होत नाही, उलट लपवण्याचा हेतू दिसतो. स्रोत विचारला तर तोच तक्ता द्या.

साइट पैसे सोडत नसेल तर

"तुमचे ९,००० यूएसडीटी तयार आहेत, फक्त ३० टक्के कर आधी भरा." असा निरोप आला की समजा, आत दिसणारी शिल्लक खोटी आहे. भारतात टीडीएस देय रकमेतून कापला जातो. तो भरण्यासाठी गिऱ्हाइकाकडून वेगळी नवी रक्कम कधीच मागितली जात नाही. 'पडताळणी ठेव', 'गॅस शुल्क', 'मनी लाँडरिंग प्रमाणपत्र' ही त्याचीच इतर नावे. पुढे एक यूएसडीटीही पाठवू नका.

लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीत साइटचे पूर्ण डोमेन, तुमचा आणि त्यांचा वॉलेट पत्ता, नेटवर्क, प्रत्येक व्यवहाराचा हॅश आणि एजंटचे टेलिग्राम वापरनाव लिहा. पत्ते कॉपी करून चिकटवा, हाताने टाइप करू नका. 'क्रिप्टो पाठवले' एवढेच लिहिलेल्या तक्रारीवर पुढे काहीच होत नाही. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी पोलिसांच्या विनंतीवरून एखाद्या पत्त्यावरचे यूएसडीटी गोठवू शकते, पण ते तिथून हलायच्या आत. बिटकॉइनला ही सोय नाही.

तक्रारीनंतर काही दिवसांत 'तुमचे क्रिप्टो परत मिळवून देतो, आमचे शुल्क आगाऊ' असे फोन आणि संदेश येऊ लागतील. ते बहुधा त्याच टोळीचे किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्यांचे असतात. त्यांचा क्रमांक आणि मागितलेली रक्कम त्याच तक्रारीला जोडा. आणि घरातले माणूस खेळणे थांबवू शकत नसेल, कर्ज काढून भरत असेल, तर हिशेबाच्या आधी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते.